वेदनाशामक ‘ऐच्छिक’ कसं असू शकतं?

कुत्र्या-मांजराचं ऑपरेशन ठरलं की घरातल्या माणसांची सगळी धास्ती एकाच प्रश्नाभोवती गोळा होते: टेबलावर काही झालं तर? धास्ती निराधार नाही, पण ती चुकीच्या तासांवर खर्च होते. २००२ ते २००४ या काळात ब्रिटनमधल्या शंभरावर दवाखान्यांतून सुमारे ९८ हजार कुत्री आणि ७९ हजार मांजरं यांना दिलेल्या भुलीच्या आणि गुंगीच्या नोंदी गोळा झाल्या. भुलीशी संबंधित मृत्यूंचं प्रमाण कुत्र्यांत ०.१७ टक्के आणि मांजरांत ०.२४ टक्के निघालं. एरवी धडधाकट असलेल्या जनावरांत ते याहूनही कमी होतं. मृत्यू कधी झाले हे पाहिलं तेव्हा मात्र डोळे उघडावेत अशी गोष्ट दिसली. कुत्र्यांतले जवळपास निम्मे आणि मांजरांतले सुमारे साठ टक्के मृत्यू ऑपरेशन उरकल्यानंतरचे होते, आणि त्यातलेही निम्म्याच्या आसपास पहिल्या तीन तासांतले. टाके घालून झाले, नळी काढली, जनावर पिंजऱ्यात ठेवलं, सगळे पुढच्या केसकडे वळले, त्या वेळातले.

कारणं गूढ नाहीत. लहान शरीर लवकर गार पडतं. पोटावरचे केस काढलेले, कातडी स्पिरिटने ओली, पोट उघडं, आणि शरीराचं तापमान राखणारी यंत्रणा भुलीने मंदावलेली. गार पडलेल्या शरीरातून औषधं हळू उतरतात, शुद्ध लांबते. अर्धवट शुद्धीतल्या मांजराची मान वाकडी राहिली तरी श्वास अडू शकतो. यावर उपाय म्हणून कुठलंही महागडं यंत्र लागत नाही. थर्मामीटर, ऊब आणि नजर न हटवणारं एक माणूस लागतं. नेमकं हेच माणूस बहुतेक ठिकाणी नसतं, कारण ऑपरेशन म्हणजे चिरा आणि टाके अशी आपली ठाम समजूत आहे. ती दवाखान्यांची आहे तशीच पैसे देणाऱ्यांचीही आहे.

या समजुतीचं सगळ्यांत लाजिरवाणं रूप खर्चाच्या अंदाजपत्रकात दिसतं. भूल, ऑपरेशन, सलाईन, ड्रेसिंग या सगळ्यांच्या रकमा ठरलेल्या असतात आणि शेवटी एक ओळ येते: घरी द्यायचं वेदनाशामक, हवं असल्यास. कित्येक ठिकाणी ही ओळही नसते. पोट उघडून गर्भाशय काढलेल्या मांजरीला एक इंजेक्शन मिळतं, किंवा तेही नाही, आणि ‘दोन दिवस सुस्त राहील’ एवढं सांगून तिला घरी पाठवलं जातं. माझं म्हणणं साधं आहे. ही ओळ ऐच्छिक असूच नये. मालकाला तो प्रश्न विचारला जाऊ नये आणि पशुवैद्यालाही ते गाळायची मोकळीक नसावी. वैद्यकीय कारणाने एखादं औषध देता येत नसेल तर ते कारण केसपेपरवर लिहावं आणि दुसरं द्यावं. ‘भूल हवी का?’ असं कुणी विचारत नाही. भूल उतरल्यावर जे सुरू होतं ते मात्र गिऱ्हाइकाच्या मर्जीवर सोडलं जातं.

पशुवैद्य निष्ठुर असतात असं मला सुचवायचं नाही. ही सवय शिक्षणातून आणि काळातून आलेली आहे. कॅनडातल्या पशुवैद्यांचं एक सर्वेक्षण १९९६ साली प्रसिद्ध झालं. ऑपरेशननंतर कुत्र्या-मांजरांना वेदनाशामक देणारे साधारण निम्मेच निघाले. पुढे २००१ मध्ये तिथेच पुन्हा विचारणा झाली तेव्हा न देणाऱ्यांचं प्रमाण बारा टक्क्यांच्या आसपास आलं होतं. पाच-सात वर्षांत जनावरांच्या मज्जातंतूंत काही फरक पडला नव्हता. बदलली ती माणसांची नजर.

आणि ही गोष्ट केवळ जनावरांपुरती नाही. १९८०च्या दशकापर्यंत नवजात अर्भकांवरच्या मोठ्या शस्त्रक्रिया सुद्धा पुरेशा वेदनाशमनाविना होत असत. बाळाची मज्जासंस्था पुरती वाढलेली नाही, त्याला दुखणं ‘कळत’ नाही आणि औषध सोसणार नाही, असं मानलं जाई. १९८७ साली के. जे. एस. आनंद आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिलं की अपुऱ्या दिवसांच्या बाळांना शस्त्रक्रियेत फेंटानिल हे तीव्र वेदनाशामक दिलं तर शरीरावरचा ताण कमी होतो आणि नंतरच्या तक्रारीही कमी होतात. जो बोलू शकत नाही त्याचं दुखणं आपण आपल्या सोयीने मोजतो, ही माणसाची जुनी खोड आहे. बाळाच्या बाजूने बोलायला निदान आईबाप होते. मांजरीच्या बाजूने बोलणारा तोच, जो बिल भरतो.

आता हे ‘दिसत नाही’ प्रकरण. मांजर दुखत असताना ओरडत नाही, ते आक्रसतं. कोपऱ्यात पाठ करून बसतं, अंग चाटणं सोडतं, खाण्याकडे बघून तोंड फिरवतं. कधी कधी घुरघुरतंसुद्धा, आणि घुरघुर म्हणजे समाधान या समजापायी आपण निर्धास्त होतो. कुत्रं तर मालक समोर आला की शेपूट हलवतंच. त्याच्या वेदनेपेक्षा त्याचा लोचटपणा मोठा असतो. त्यात भर म्हणजे गुंगी आणणारी औषधं. एसेप्रोमाझिनसारखं औषध जनावराला शांत करतं, पण ते वेदना कमी करत नाही. त्याचा असर असताना पिंजऱ्यात गप्प पडलेलं कुत्रं दुखत नसलेलं कुत्रं असेलच असं नाही. ते तक्रार करण्याच्या अवस्थेत नसेल, इतकंच. ‘बघा किती छान झोपलाय’ हे वाक्य दवाखान्यात ऐकलं की मला पुढचा प्रश्न विचारावासा वाटतो: झोपेचं औषध दिलंय की दुखण्याचं?

निदान पाहण्याची साधनं नाहीत ही सबब तरी आता उरलेली नाही. कुत्र्यांसाठी ग्लासगो विद्यापीठात तयार झालेली वेदनामापन पट्टी आहे. तिची छोटी आवृत्ती २००७ साली आली. जनावर पिंजऱ्यात कसं आहे, जखमेकडे किती लक्ष देतं, उठून चालताना कसं वागतं, जखमेभोवती हलकं दाबल्यावर काय करतं, असे प्रश्न आणि २४ पैकी गुण. सहा किंवा जास्त आले तर औषध वाढवायचा विचार करायचा. मांजरांसाठी २०१९ मध्ये मॉन्ट्रियल विद्यापीठातल्या संशोधकांनी चेहऱ्यावरून वेदना ओळखायची पद्धत मांडली. कान किती फाकलेत, डोळे किती बारीक झालेत, तोंडाचा भाग किती ताणलाय, मिशा सरळ आणि ताठ आहेत का, डोकं खांद्याच्या रेषेखाली गेलंय का, या पाच गोष्टींना शून्य ते दोन गुण. दहापैकी चार झाले की औषधाची वेळ. यात मांजराला हातही लावावा लागत नाही. मिनिटभराचं काम, कागद आणि पेन. असं असताना किती केसपेपरांवर तापमान आणि वजनाच्या शेजारी वेदनेचा आकडा लिहिलेला दिसतो? ज्याचा आकडा कुठेच लिहिला जात नाही त्याबद्दल कुणाला जाबही विचारता येत नाही. म्हणून वेदनाशामकाच्या सक्तीबरोबर मला ही दुसरी सक्तीही हवी आहे: घरी सोडण्यापूर्वी वेदनेचा गुणांक लिहायचा आणि मालकाच्या हातात द्यायचा.

विरोधी मुद्दे आहेत आणि त्यांतले काही वजनदार आहेत. एक मात्र अगदीच पोकळ आहे: दुखलं म्हणजे जनावर हालचाल कमी करतं आणि टाके शाबूत राहतात. वेदनेला दोरखंड म्हणून वापरायचा हा विचार माणसाच्या इस्पितळात कुणी तोंडातून काढणार नाही. शिवाय तो खराही नाही. दुखणारं जनावर जखमेवर तुटून पडतं, खात नाही, झोपत नाही. त्याच्या शरीरात ताणाची संप्रेरकं वाढतात आणि जखम भरायला वेळ लागतो. हालचाल आवरायला पिंजरा आहे, बंद खोली आहे, आखूड पट्टा आहे.

औषधांच्या धोक्याचा मुद्दा वेगळा. तो खरा आहे आणि नेमका म्हणूनच ही औषधं मालकाच्या मर्जीवर सोडता येत नाहीत. मेलॉक्सिकॅम हे वेदनाशामक मांजरांना पुन्हा पुन्हा दिल्यावर मूत्रपिंडं निकामी होण्याचे आणि मृत्यूचे प्रकार घडले म्हणून अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१० साली त्याच्या वेष्टनावर ठळक इशारा छापायला लावला. युरोपात मात्र तेच औषध अगदी कमी मात्रेत मांजरांना जास्त दिवस द्यायला परवानगी आहे. यातून निघणारा धडा ‘देऊ नका’ असा नसून ‘कुणाला, किती आणि किती दिवस हे पाहून द्या’ असा आहे. आधी रक्त तपासा, पाणी कमी पडू देऊ नका, मूत्रपिंड कमकुवत असेल तर दुसरं औषध निवडा. मांजरांना ब्युप्रेनॉर्फिन हे अफूवर्गीय वेदनाशामक गालाच्या आत सोडलं तरी लागू पडतं.

आणि दवाखान्याने औषध दिलं नाही तर काय होतं? कळवळलेला मालक स्वतःच्या औषधांचा डबा उघडतो. माणसांची पॅरासिटॅमॉल मांजरासाठी विष आहे. ते औषध पचवून बाहेर टाकायची यकृतातली जी मुख्य वाट माणसात असते ती मांजरात जवळपास बंद असते. रक्त ऑक्सिजन वाहून नेईनासं होतं, हिरड्या तपकिरी-निळसर पडतात, तोंड आणि पंजे सुजतात. एक गोळी जीव घ्यायला पुरते. आयब्युप्रोफेन कुत्र्याच्या पोटात अल्सर करतं आणि मूत्रपिंडं बिघडवतं. हे मालक दुष्ट नसतात. त्यांना जनावराचं दुखणं दिसलेलं असतं, जे दवाखान्याने पाहिलं नव्हतं किंवा पाहूनही त्याची सोय केली नव्हती.

राहिला खर्च, आणि अफूवर्गीय औषधांची टंचाई. परवाना, कुलूपबंद कपाट, नोंदवही यांच्या कटकटीमुळे अनेक लहान दवाखाने मॉर्फिन किंवा त्याच्या जातीचं काही ठेवतच नाहीत. त्यांना दोष देऊन उपयोग नाही. पण जागतिक लघुप्राणी पशुवैद्यक संघटनेने २०१४ साली वेदनेविषयीची मार्गदर्शक तत्त्वं काढली तेव्हा हीच अडचण गृहीत धरली होती. नियंत्रित औषधं हाताशी असतील तर काय करायचं, नसतील तर काय, आणि जवळपास काहीच मिळत नसेल तर काय, अशा वेगवेगळ्या वाटा त्यांत दिल्या आहेत. २०२२ मध्ये ती तत्त्वं सुधारूनही आली. चिरा देण्याच्या जागी लिग्नोकेन हे जागा बधिर करणारं औषध टोचणं, बोक्याच्या किंवा कुत्र्याच्या नसबंदीत ते अंडकोषात देणं, यासारखे उपाय ऑपरेशनच्या एकूण खर्चात हिशेबात धरण्याजोगेही नाहीत. मांजराचं वजन कमी असल्याने मात्रेची मर्यादा काटेकोर पाळावी लागते, एवढंच. खर्च वाढला तर लोक ऑपरेशनच करणार नाहीत आणि नको असलेल्या पिल्लांची संख्या वाढेल, हा धर्मादाय नसबंदी चालवणाऱ्यांचा आक्षेप मी गंभीरपणे घेते. पण स्वस्तातलं स्वस्त वेदनाशमन शून्य वेदनाशमनापेक्षा फार महाग नसतं, आणि त्याची जागा करायला त्याच बिलात एक कलम तयार आहे.

ते कलम म्हणजे अँटिबायोटिक. वेदनाशामक ‘हवं असल्यास’, पण अँटिबायोटिकचा पाच-सात दिवसांचा कोर्स मात्र न विचारता. निर्जंतुक पद्धतीने केलेल्या, कमी वेळाच्या स्वच्छ ऑपरेशनला, म्हणजे सर्वसाधारण नसबंदीला, नंतरच्या अँटिबायोटिकची गरज नसते. मोठ्या किंवा दूषित ऑपरेशनची गोष्ट वेगळी. मग ते का दिलं जातं? कारण टाके पिकले तर मालक भांडायला येतो, दुखलं तर येत नाही. डॉक्टर त्या गोळ्यांनी स्वतःला सुरक्षित करून घेतो, मालकाला ‘औषध दिलं’ याचं समाधान मिळतं, आणि औषधांना न जुमानणारे जंतू घराघरांत वाढतात. ते मांजरापुरते थांबत नाहीत. गरज नसलेल्या गोळ्यांचे पैसे गरज असलेल्या इंजेक्शनकडे वळवले तर कित्येक बिलांत एकूण आकडा जागचा हलणारही नाही.

एवढं दवाखान्यांना सुनावल्यावर मालकांना सोडून चालणार नाही. गळ्यातली ती प्लॅस्टिकची कॉलर घ्या. ‘बिचारा दारांना धडकतोय, पाणी पिता येईना’ म्हणून ती दुसऱ्या दिवशी काढली जाते, आणि जनावर काही मिनिटांत टाक्यांचा निकाल लावतं. लाळेने जखम भरते हा समज चिवट आहे. कुत्र्या-मांजरांच्या तोंडात पाश्चुरेला आणि इतर जंतूंचा मुक्काम असतो, आणि मांजराच्या जिभेवरचे काटे तर टाके उसवायलाच घडवल्यासारखे. तरीही मला इथे मालकांची बाजू थोडी घ्यावीशी वाटते. सिडनी विद्यापीठातल्या संशोधकांनी २०२० साली प्रसिद्ध केलेल्या पाहणीत चारशेवर मालकांपैकी तीन-चतुर्थांशाहून जास्त जणांनी सांगितलं की कॉलरमुळे जनावराचं जगणं खालावलं. कॉलर काढू नका हा आदेश योग्य आहे. पण मऊ कापडी कॉलर, अंगात घालायचा सदरा, हवेची फुगीर रिंग यांपैकी या जनावराला, या जागच्या जखमेला काय चालेल हे सांगणं, ती नीट बसवून दाखवणं, जेवताना समोर बसून थोडा वेळ काढायची मुभा देणं, हेसुद्धा उपचारच आहेत. ‘कॉलर घाला’ एवढं काउंटरवरून ओरडून सांगितल्याने ते काम भागत नाही.

दुसरी चूक तिसऱ्या-चौथ्या दिवसाची. जनावर खायला लागतं, उड्या मारतं आणि घरात जाहीर होतं की बरं झालं. कातडीचे टाके साधारण दहा ते चौदा दिवसांनी काढतात, पण तेव्हाही त्या जागेची ताकद मूळ कातडीच्या जवळपासही नसते. पोटाच्या भिंतीचा थर तर आठवड्यांच्या हिशेबाने जुळतो, म्हणूनच तिथे हळू विरघळणारा धागा वापरतात. गुडघ्याचा अस्थिबंध तुटल्यामुळे हाड कापून बसवलेल्या कुत्र्याला दोन-तीन महिने आवरून धरावं लागतं, आणि तेवढा काळ तरुण लॅब्रडॉरला आवरणं हे ऑपरेशनपेक्षा अवघड काम आहे, हे ज्यांनी केलंय त्यांना विचारा. ऑपरेशनचा सल्ला देतानाच हे सांगायला हवं. घरात तसं माणूस, तशी जागा, तसा वेळ नसेल तर निर्णय कदाचित वेगळा होईल, आणि तो वेगळा निर्णय घ्यायचा हक्क मालकाला आहे.

पहिल्या चोवीस तासांत काय बघायचं हेही लेखी हवं, मालकाच्या भाषेत आणि मोठ्या अक्षरांत. हिरड्या पांढुरक्या पडल्या, उभं राहवेना, पोट फुगत चाललं, तर आतली गाठ सुटून रक्तस्राव होत असू शकतो आणि सकाळपर्यंत थांबायचं नसतं. लठ्ठ मांजराने दोन-तीन दिवस काही खाल्लं नाही तर चरबी यकृतात साचून ते जिवावर बेतू शकतं. म्हणून ‘भूक लागली की खाईल’ हा सल्ला कुत्र्याच्या बाबतीत एकवेळ चालेल, मांजराच्या बाबतीत धोक्याचा आहे. हायड्रोजन पेरॉक्साइडने जखम धुऊ नका, कारण ते नव्या पेशीही मारतं. हे सगळं तोंडी सांगितलं जातं तेव्हा मालक जनावराला गाडीत कसं चढवायचं या विवंचनेत असतो. त्यातलं निम्मंही घरापर्यंत पोचत नाही.

आणि ज्यांना घरी सोडत नाहीत त्यांच्या रात्रीचं काय? ‘आज रात्री इथेच ठेवू’ हे ऐकून मालक निश्चिंत होतो. त्याच्या डोळ्यांसमोर माणसांच्या इस्पितळातला वॉर्ड असतो: नर्स, दिवे, तासातासाला नोंद. पुष्कळ दवाखान्यांत प्रत्यक्षात शटर खाली येतं, दिवे बंद होतात आणि जनावर सकाळपर्यंत पिंजऱ्यात एकटं असतं. रात्रपाळी परवडत नाही, हे मला समजतं. लहान दवाखान्याकडून चोवीस तासांच्या माणसाची अपेक्षा करणं म्हणजे त्याला बंद पाडणं आहे. पण सांगायला खर्च येत नाही. रात्री इथे कुणी नसतं, हे संमतीपत्रावर सहीच्या वरच छापलेलं असावं. मग ज्याला शक्य आहे तो रात्रभर देखरेख असलेलं मोठं इस्पितळ निवडेल. ज्याला नाही, तो जनावराला घरी आणून शेजारी अंथरूण टाकेल, आणि स्थिर असलेल्या जनावरासाठी कुलूपबंद दवाखान्यातल्या पिंजऱ्यापेक्षा ते बहुतेक वेळा बरंच असेल. अट एकच: जाताना त्याच्या हातात वेदनाशामक, त्याचं वेळापत्रक, आणि रात्री दोन वाजता उचलला जाईल असा एक फोन नंबर द्यायला हवा. तो नंबर पशुवैद्याचा स्वतःचाच असायला पाहिजे असं नाही. आसपासच्या चार-पाच दवाखान्यांनी आळीपाळीने रात्री वाटून घेतल्या तर एकेकाच्या वाट्याला आठवड्यातून एक-दोन जागरणं येतील. परवान्याचं नूतनीकरण करताना पशुवैद्यक परिषदांनी वेदनेच्या नोंदीबरोबर या व्यवस्थेचाही पुरावा मागायला सुरुवात करावी.